चित्राखालची ओळ झाकून बघा

दिवाळी होऊन महिना उलटला, फराळाचे डबे रिकामे झाले, पण आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या वाचक कट्ट्यावर एका मुखपृष्ठाचा वाद अजून धुमसतोच आहे. विनोदी दिवाळी अंक आहे. चित्र असं: घोडबंदर रोडसारखा रस्ता, त्यावर भलंमोठं होर्डिंग, होर्डिंगवर सिमेंटची जाहिरात. सिमेंटची गोणी एका कोपऱ्यात, बोटभर. बाकीचं सगळं होर्डिंग व्यापून ओल्या, पातळ साडीतली एक बाई आडवी पहुडलेली. खाली तीन पुरुष माना वर करून बघताहेत. एक पुढारी, एक बिल्डर, एक ट्रॅफिक हवालदार. बिल्डर विचारतो, "सिमेंट कुठल्या कंपनीचं आहे हो?" आणि पुढारी म्हणतो, "वाचायला वेळ कुणाला आहे?"

गेल्या रविवारी यावरून कट्ट्यावर दीड तास खडाजंगी झाली. एका बाजूला बहुतेक ज्येष्ठ मंडळी. त्यांचं म्हणणं, चित्र अश्लील आहे, अंक टेबलावरून उचला, जमलं तर पोलिसांत तक्रार द्या, इथे नातवंडं येतात. दुसऱ्या बाजूला तरुण वाचक आणि दोन चित्रकार. त्यांचं म्हणणं, चित्र बाईवर नाहीच, बाई दाखवून सिमेंट विकणाऱ्यांवर आहे. एवढं साधं व्यंग कळत नसेल तर विनोदी अंकाच्या वाटेला जाऊ नका. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या, आणि सगळा वेळ दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलत राहिल्या: साडी. ती किती पातळ आहे, पदर कुठे गेलाय, देवळातल्या शिल्पांत याहून जास्त दिसतं की नाही. मला वाटतं, हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. अंक टेबलावर राहिलाच पाहिजे. तक्रारीची भाषा कोणी काढूच नये. आणि तरीही ते चित्र बाईचा अपमान करतं. पदर ढळलाय म्हणून नाही. पदर डोक्यावरून घेतलेला असता तरी केलाच असता. जाहिरातीला हसण्याच्या नावाखाली ते जाहिरातीचंच काम करतं, आणि 'अहो, हे व्यंग आहे' एवढं म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही.

हे मी कशाच्या बळावर म्हणते? मी आयुष्याची बावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात पानं लावली. सुरुवात केली तेव्हा खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ब्रोमाइड ब्लेडने कापून रबर सोल्यूशनने चिकटवायचो. साप्ताहिकं असायची, मासिकं असायची, गणपती जवळ आले की दिवाळी अंकांचे फर्मे सुरू व्हायचे. मथळा मोठा आणि फोटो उभा असला की कुठेतरी कापावं लागे. फोटो पुरुषाचा असला, मंत्री, नट, सत्कारमूर्ती, तर पायाकडून कापायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं, ठाऊकच होतं. बाईचा असला, त्यातही फॅशनच्या नाहीतर गमतीजमतीच्या सदराच्या पानावर, तर फोरमन मागून जाता जाता म्हणायचा, "वरून घे." वरून म्हणजे मानेपासून. मीही वरून घेतलं, पुष्कळदा घेतलं. एकदा संध्याकाळी टेबलाखालचा कातरणांचा डबा रिकामा करायला उचलला, तर वरच पाच-सहा पट्ट्या पडल्या होत्या. दोन-दोन बोटं रुंदीच्या. प्रत्येकीत एका बाईचे डोळे आणि कपाळ, बाकी काही नाही. एकीच्या कपाळावरची टिकली जरा तिरकी लागली होती. त्या पट्ट्या मी हातात घेतल्या, त्यांचं काय करायचं ते कळेना, परत डब्यात टाकल्या. बाईची वस्तू करायला तिचे कपडे काढावे लागत नाहीत, डोळे काढले की पुरतं, हे मला त्या डब्याने शिकवलं.

आता ते मुखपृष्ठ त्या नजरेने बघा. होर्डिंगवरच्या बाईला तोंड नाही. अंकाच्या नावाची जाड पिवळी अक्षरं बरोबर तिच्या हनुवटीच्या वर आली आहेत. तीन पुरुष अंगठ्याएवढे आहेत, पण तिघांनाही चेहरा आहे. पुढाऱ्याचं नाक, बिल्डरची सोन्याची साखळी, हवालदाराची तोंडातच राहिलेली शिट्टी. तिघं काही ना काही बोलताहेत, निदान आ वासताहेत. बाई पाऊण पान व्यापून आहे आणि तिला एक शब्द नाही. चित्रकाराने सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवलाय हेही रंगातून कळतं. पुरुष चार रेघांत उरकलेत. बाईच्या कमरेवरचं पाणी मात्र थेंबाथेंबाने रंगवलंय, प्रत्येक थेंबाला वेगळा उजेड आहे.

पानं लावणाऱ्यांची एक जुनी सवय असते. चित्राखालची ओळ हाताने झाकायची आणि नुसतं चित्र काय सांगतंय ते बघायचं, कारण टपरीवर दहा फुटांवरून जाणाऱ्याला ओळ वाचता येत नाही, चित्रच दिसतं. या मुखपृष्ठावरचा दोन वाक्यांचा संवाद झाकला तर काय उरतं? एक ओली बाई आणि तिच्याकडे बघणारे तीन पुरुष. म्हणजे तीच जाहिरात, फक्त सिमेंटच्या जागी अंक विकायला ठेवलेला. जाहिरातदार म्हणतो, बाई बघा आणि सिमेंट घ्या. संपादक म्हणतो, बाई बघा, जाहिरातदाराला हसा, आणि अंक घ्या. बाईच्या बाजूने या दोन वाक्यांत काय फरक पडला?

यावर त्या दोन चित्रकारांपैकी एकाने जे उत्तर दिलं ते हलकं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, ज्याच्यावर टीका करायची ते दाखवावंच लागतं ना? लाचखोरीवर चित्र काढायचं तर नोटांचं बंडल काढावं लागतं. व्यंगचित्रकाराने घाण काढायचीच नाही म्हटलं तर त्याने काय रांगोळ्या काढायच्या?" बरोबर आहे त्याचं. व्यंगाला अतिशयोक्ती लागते, ओंगळ गोष्ट उघडी करावी लागते, आणि सभ्य माणसांना खटकलं नाही तर ते व्यंग बहुधा मेलेलं असतं. ठाण्याला हे वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात 'अरुणोदय'सारखं वृत्तपत्र ज्या गावातून निघत होतं, त्याच गावातून 'हिंदू पंच' नावाचं विनोदी, टवाळ पत्रही निघत होतं. उपहासाची शाई इथल्या मातीत दीडशे वर्षं मुरलेली आहे.

पण दाखवणं आणि परतवणं यात फरक आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेचं. बालहत्येच्या आरोपाखाली तिला शिक्षा झाली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्याच चारित्र्याची उजळणी सुरू झाली. ताराबाईंनी काय केलं? बाईवर केले जाणारे आरोप त्यांनी दडवले नाहीत. बाई चंचल, बाई कपटी, बाई अविचारी, एकेक आरोप उचलला, नीट हातात धरला आणि आरोप करणाऱ्याच्याच पदरात घातला. हे दुर्गुण पुरुषांत नाहीत का, उलट जास्तच नाहीत का, असं त्या विचारत गेल्या. त्या लिखाणात शिव्या आहेत, टोमणे आहेत, संताप आहे, सभ्यपणा फारसा नाही. तेव्हाच्या लोकांना ते झोंबलं, आणि महात्मा फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. म्हणजे घाण दाखवलीच आहे. पण वाचणारा पुरुष तिथे आरामात बसून बघू शकत नाही. पुस्तक त्याच्याकडेच बोट करून उभं असतं. आमच्या मुखपृष्ठासमोर मात्र तो अगदी आरामात बसतो. त्याला त्या तिघांना हसायला मिळतं आणि त्या तिघांना जे बघायला मिळालं तेही मिळतं. ज्या व्यंगात ग्राहकाला काहीच बोचत नाही ते व्यंग कोणावर आहे?

दुसरा मुद्दा आला तो असा की पुरुषांचीही चित्रं विद्रूप काढतातच की, ढेरी, टक्कल, बेडकासारखे डोळे. तेव्हा कोणी रडत नाही. मला हा मुद्दा ऐकायला सोपा आणि विचार करायला फार उपयोगी वाटतो. अर्कचित्रात नाक मोठं केलं की माणूस ओळखू येतो. हा अमका, हा तमका. त्याचा लोभ ढेरीत दिसतो, त्याचा माज मानेच्या वळीत दिसतो. पण बाईची छाती मोठी केली की ती ओळखू येईनाशी होते. ती कोणीही होते. तिच्या जागी दुसरी ठेवली तरी चित्राचं काही बिघडत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी १९९५ साली माणसाची वस्तू होणं म्हणजे नेमकं काय याची फोड करताना सात लक्षणं सांगितली. त्यातलं एक हेच: एकाच्या जागी दुसरं खुशाल ठेवता येणं. आणखी एक: समोरच्याला काही वाटत असेल, याची दखलच नसणं. आमच्या होर्डिंगवरच्या बाईला ही दोन्ही लक्षणं तंतोतंत लागू पडतात. तिला काय वाटतं हा प्रश्न चित्रकाराला पडला नाही, कारण तो पडायला तिचे डोळे तरी रंगवावे लागले असते.

मराठीत या प्रश्नाचं सगळ्यात अवघड रूप म्हणजे खिडकीचित्र, म्हणजे वरच्या पानाला खिडकी कापून आतल्या चित्राचा तुकडाच दाखवणारं चित्र, आणि तिथे माझं स्वतःचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. १९५१ साली मधुकर पाटकरांनी 'आवाज' सुरू केला आणि दिवाळी अंकातल्या खिडक्या मराठी घरांत पोचल्या. पुढे बऱ्याच जणांनी त्या उचलल्या. आमच्या छापखान्यातही एका अंकासाठी खिडक्यांना डाय मारायचो. काम नाजूक. डाय अर्धा सूत सरकली की आतल्या चित्राचं नको ते टोक बाहेर यायचं आणि गंमत जायची. खिडकीतून दिसायची उघडी पाठ आणि तिच्यावर फिरणारा पुरुषाचा दणकट हात. पान उलटलं की आजोबा नातवाला तेल लावून आंघोळ घालताहेत. या विनोदाच्या बाजूने जे म्हणतात ते मी मनापासून मान्य करते. तो विनोद बाईवर नसतो, तो आपल्यावर असतो. चावट आपलं मन, चित्रकार नव्हे. लहानपणी मी पहिल्यांदा अशी फसले तेव्हा मला माझीच लाज वाटली आणि हसूही आलं, आणि व्यंगाने एवढं केलं तर त्याने आपलं काम केलं.

पण ते पहिल्या खिडकीपुरतं. पन्नासाव्या खिडकीला फसत कोणी नाही. आत आजोबा असणार हे वाचकाला ठाऊक असतं, तरी तो पान उलटायच्या आधी थांबतो, आणि अंक त्या थांबण्यासाठीच घेतलेला असतो. मग आतलं पान बाहेरच्या पानाचं जामीन राहतं. काही म्हणायला जावं तर उत्तर तयार: तुमच्याच मनात पाप. शिवाय इतक्या वर्षांत खिडकीतून तुकड्यातुकड्याने दिसली ती बहुतेक वेळा बाईच. पुरुषाच्या चावटपणावरचा विनोद असेल तर त्याची किंमत दरवेळी बाईच्याच अंगातून का वसूल करायची? खिडकीचित्रांत कारागिरी मोठी होती आणि त्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. तो आदर ठेवूनच हे विचारते.

सगळ्यात उघडं उदाहरण मात्र परदेशातलं आहे, आणि ते मला एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं की एकाच मासिकाने दोन्ही गोष्टी केल्या. अमेरिकेतलं 'हसलर' हे लॅरी फ्लिंटचं, बायकांची नग्न चित्रं छापणारं मासिक. बायकांना मांसासारखं मांडता, असा आरोप त्याच्यावर होतच होता. जून १९७८ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने खिमा करायच्या यंत्रात डोक्याकडून घातलेली बाई छापली. वर फक्त कमरेखालचा भाग आणि पाय, खाली खिमा. आणि सोबत फ्लिंटचंच वाक्य, की यापुढे आम्ही बायकांना मांसाच्या तुकड्यांसारखं टांगणार नाही. स्वतःवरच उपहास, टीकाकारांवरही उपहास, असं त्याचं समर्थन झालं. आता ती ओळ झाकून बघा. काय उरतं? टीकाकार जे म्हणत होते तेच, पूर्वी कधी नव्हतं इतक्या भयंकर रूपात.

त्याच मासिकाने काही वर्षांनी जेरी फॉलवेल या बड्या धर्मोपदेशकाची एक विडंबन-जाहिरात छापली. अत्यंत गलिच्छ, त्याच्या आईपर्यंत गेलेली. तो कोर्टात गेला. १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मासिकाच्या बाजूने निकाल दिला, आणि तो निकाल योग्यच होता असं माझं मत आहे. कारण फॉलवेलला नाव होतं, चेहरा होता, टीव्हीवर कार्यक्रम होता, पाठीशी मोठी संघटना होती. त्याच्याकडे उलट उत्तर द्यायला तोंड होतं. खिम्याच्या यंत्रातल्या बाईला कमरेच्या वर काहीच नव्हतं. दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला गेला: उपहास. एका ठिकाणी तो बलवानाची गचांडी धरत होता. दुसऱ्या ठिकाणी, ज्याची गचांडी धरायची त्याचाच धंदा करून देत होता.

आता तक्रारीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या कट्ट्यावरच्या वडीलधाऱ्यांना. तुमची तळमळ मला कळते. पण पोलिसांकडे जाऊन आपण ज्या कायद्याचं दार वाजवतो त्याचा महाराष्ट्रातला इतिहास बघा. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. संततिनियमनावर, स्त्रीच्या आरोग्यावर, तिच्या इच्छेवर मराठीत इतकं स्वच्छ दुसरं कोण लिहीत होतं? मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचं चित्र छापत, शरीराची लाज वाटायचं कारण नाही हे सांगण्यासाठी. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या एका कथेवरून चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे १९६९ साली ती कथा अश्लील नाही असं ठरलं. १९९५ ची बुटांची ती जाहिरात आठवते? मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, पायांत बूट आणि अंगाभोवती अजगर. दोघंही सारखेच उघडे. तो खटला २००९ पर्यंत चालला. आणि त्याच सगळ्या वर्षांत पूर्ण साडीतल्या बाईला मठ्ठ, भांडखोर, पैसेखाऊ, नाहीतर नुसतीच 'चीज' दाखवणारी किती चित्रं छापून गेली? त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही, कारण कपडे पूर्ण होते. अश्लीलतेच्या कायद्याने कर्व्यांना कोर्टात खेचलं आणि बाईची टिंगल करणाऱ्यांना सन्मानाने जाऊ दिलं. आजही आपण तेच शस्त्र हातात घेणार आहोत का?

या बाबतीत १९८६ चा, स्त्रियांचं अशोभनीय चित्रण रोखणारा कायदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. त्याच्या व्याख्येत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसवल्या आहेत. एक, अशोभनीय. दुसरी, स्त्रियांना कमी लेखणारं, त्यांची मानहानी करणारं. पहिली गोष्ट बघणाऱ्याच्या सभ्यतेबद्दल आहे, दुसरी बाईच्या प्रतिष्ठेबद्दल. बोलताना आपण पहिलीच उचलतो, कारण ती मोजायला सोपी आहे, इंचपट्टी लावली की झालं. दुसरीसाठी चित्र वाचावं लागतं. ते काम हवालदाराचं नाही, वाचकाचं आहे. १८९३ पासून ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय चालत आलं आहे त्या गावातल्या वाचकांनी एखादं चित्र वाचायची वेळ आली की अंक उचलून कपाटात टाकायचा, हे मला पटत नाही. चित्र टेबलावर ठेवा, त्याच्याभोवती बसा, आणि ते का वाईट आहे हे चित्रकाराच्या तोंडावर सांगा. त्यालाही बोलू द्या.

राहिला शेवटचा मुद्दा, बायकाही हसतात. हो, हसतात. रविवारी समोरच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्याच, "आम्हाला तर बाई मजा वाटली." मी त्यांना खोटं ठरवत नाही. पण हसण्याचेही प्रकार असतात. माझी मावशी सत्तरच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. त्या काळात विनोदी अंकांत साहेब आणि टायपिस्टची चित्रं ठरलेली. साहेबाच्या मांडीवर टायपिस्ट, दारात साहेबाची बायको. घरात सगळे मिळून अंक वाचायचे, काका मोठ्याने वाचून दाखवायचे, सगळे हसायचे, मावशीही हसायची. पण अंक तिच्या हातात आला की ती पानं ती बोट ओलं करून झटक्यात उलटायची, आणि हे मी बघितलेलं आहे. ऑफिसात तिला काय काय सोसावं लागलं ते तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. तेव्हा तक्रार का केली नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "कोणाला सांगणार? त्याला तर सगळे विनोद म्हणायचे." १९९७ साली विशाखा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाची व्याख्या केली, २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. मावशी तोवर कधीच निवृत्त झाली होती. ज्या गोष्टीला नाव नव्हतं तिला विनोदाने नाव देऊन ठेवलं होतं, आणि ते नाव चुकीचं होतं. म्हणून, व्यंगचित्राने कोणाचं काय बिघडतं, असं कोणी म्हटलं की मला ते ओलं बोट आठवतं.

आणि बघा, त्या ठरलेल्या चित्रांत कोण कोण असायचं? टायपिस्ट, नर्स, कोळीण, मोलकरीण, भाजीवाली. सगळ्या घराबाहेर पडून कमावणाऱ्या. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई चेंदणी कोळीवाड्यातली, पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन निघायची. भाव करायला आलेल्या बाप्यांची ती अशी काही हजेरी घ्यायची की आजूबाजूचे विक्रेते काम थांबवून ऐकत. खरा उपहास काय असतो तो मी तिच्या तोंडून ऐकलाय. अंकातल्या कोळिणीला मात्र फक्त कंबर असायची.

कट्टा संपता संपता एक गोष्ट झाली ती सांगते. मागच्या रांगेत चित्रकलेच्या कॉलेजात जाणारी एक मुलगी बसली होती, दीड तास गप्प. ती उठून पुढे आली आणि सभेच्या सूचनापत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनाने काढलेलं चित्र तिने टेबलावर ठेवलं. तोच रस्ता, तेच होर्डिंग. पण होर्डिंग वरच्या कडेने कापलेलं, जाहिरातीतल्या बाईची नुसती पावलं आणि सिमेंटची गोणी दिसते. तिघं पुरुष आता मोठे झालेले, वर बघता बघता एकमेकांना खेटून उभे, आणि त्यामुळे शेजारच्या इमारतीच्या कामावर जाणारी वाट अडलेली. त्या वाटेवर डोक्यावर काँक्रीटचं घमेलं घेतलेली मजूर बाई. ती म्हणते, "भाऊ, सरका. माल सुकतोय." नाक्यावरची पोरं जो शब्द बाईसाठी वापरतात तो इथे एका बाईच्या तोंडी आला होता, आणि सिमेंट-खडीसाठी आला होता.

मघाचा तो चित्रकार कितीतरी वेळ त्या कागदावर वाकून होता. तक्रारीचा आग्रह धरणाऱ्या काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि ते हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच. मी सवयीने चित्राखालच्या ओळीवर हात ठेवला. तरी सगळं दिसत होतं. तिघांच्या माना वर, आणि घमेल्याखालून त्या बाईचे डोळे सरळ बिल्डरच्या तोंडावर.